बारा संघांचा प्लेऑफ आणि जुने बाऊल सामने : तिकीट काढून पाहणाऱ्या प्रेक्षकाचे परीक्षण

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे विद्यापीठांच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलच्या, राष्ट्रीय विजेतेपदासाठी २०२४ च्या हंगामापासून बारा संघांची बाद फेरी, म्हणजेच प्लेऑफ, खेळवली जाऊ लागली आणि तिचे आता दोन हंगाम पार पडले आहेत. त्याआधीची दहा वर्षे ही फेरी चार संघांची होती. त्याच्याही आधी विजेतेपदाचा निकाल प्रामुख्याने मतदानाच्या क्रमवारीवर लागत असे आणि हंगामाची सांगता ‘बाऊल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निमंत्रितांच्या स्वतंत्र सामन्यांनी होत असे. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडील एका शहरातला छोटा बाऊल सामना आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी ओहायोतील कोलंबस येथे झालेला प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा सामना मी तिकीट काढून पाहिला. उरलेले सामने दोन्ही वर्षे दूरचित्रवाणीवर पाहिले. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की विजेता बाद फेरीनेच ठरावा आणि बाऊल सामनेही टिकावेत; मात्र आज बाऊल सामन्यांच्याच खांद्यावर बाद फेरीचे ओझे टाकून जी सरमिसळ करण्यात आली आहे, तिच्यात दोन्हींचे नुकसान होते आणि त्याची किंमत शेवटी प्रेक्षकाला मोजावी लागते.

बाऊल सामना ही मुळात स्पर्धा नव्हती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही. कॅलिफोर्नियातील पासाडेना या गावाने ऐन हिवाळ्यातले आपले ऊन आणि आपली फुले इतरांना दाखवावीत, या हेतूने १८९० पासून नववर्षदिनी फुलांची मिरवणूक काढायला सुरुवात केली. तिच्या जोडीला १९०२ मध्ये फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला. त्यात मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९–० असा धुव्वा उडवला आणि स्टॅनफर्डने वेळ संपण्यापूर्वीच खेळ थांबवण्याची विनंती केली. तो सामना इतका एकतर्फी झाला की पुढे काही वर्षे संयोजकांनी फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. १९२२ मध्ये खोलगट वाडग्यासारख्या आकाराचे मोठे मैदान बांधून झाले, त्याला रोझ बाऊल हे नाव मिळाले आणि त्यावरूनच पुढे अशा सगळ्या सामन्यांना बाऊल म्हणण्याची पद्धत पडली. मायामीचा ऑरेंज बाऊल आणि न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाऊल १९३५ मध्ये, तर डॅलसचा कॉटन बाऊल १९३७ मध्ये सुरू झाला. हिवाळ्यात उबदार असलेल्या शहरांनी थंड प्रदेशातल्या लोकांना दिलेले हे आमंत्रण होते, आणि चांगला हंगाम खेळलेल्या संघासाठी ते बक्षीस होते. १९३६ मध्ये सुरू झालेली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची, पत्रकारांच्या मतदानाने ठरणारी क्रमवारी बराच काळ बाऊल सामन्यांच्या आधीच बंद केली जात असे, यावरूनही त्या काळी या सामन्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते ते कळते.

बक्षिसाचा सामना आणि विजेतेपदाचा सामना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९७ चा हंगाम. मिशिगन आणि नेब्रास्का हे दोन्ही संघ अपराजित होते. रोझ बाऊलचा बिग टेन आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या दोन गटांशी (अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात) १९४७ पासून चालत आलेला करार असल्यामुळे मिशिगनला पासाडेनाला जाऊन वॉशिंग्टन स्टेटशी खेळावे लागले आणि नेब्रास्का ऑरेंज बाऊलमध्ये टेनेसीशी खेळला. दोघेही जिंकले. पत्रकारांनी मिशिगनला विजेता ठरवले, प्रशिक्षकांच्या मतदानाने नेब्रास्काला, आणि हे दोन संघ एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत. १९९० आणि १९९१ मध्येही विजेतेपद असेच वाटले गेले होते. पुढे संगणकीय क्रमवारी आणि मतदान यांची सांगड घालून दोन संघ निवडणारी बीसीएस पद्धत १९९८ मध्ये आली, तरीही २००३ मध्ये विजेतेपद एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) यांच्यात विभागले गेले आणि २००४ मध्ये ऑबर्नचा संघ एकही सामना न हरता अंतिम सामन्याबाहेर राहिला. बाऊल सामन्यांची बाजू घेणाऱ्यांना मी नेहमी ऑबर्नबद्दल विचारते. सगळे सामने जिंकूनही ज्या संघाला विजेतेपदासाठी खेळण्याची संधीच मिळत नाही, त्या संघातील मुलांना परंपरेचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे?

चार संघांच्या प्लेऑफने हा प्रश्न थोडा हलका केला, पण सोडवला नाही. त्याच्या पहिल्याच वर्षी चौथ्या मानांकनाच्या ओहायो स्टेटने प्रथम मानांकित अलाबामाला ४२–३५ असे हरवले आणि अंतिम सामन्यात ओरेगॉनवर ४२–२० असा विजय मिळवला. म्हणजे जुन्या पद्धतीत ज्याला संधी मिळाली नसती, तोच संघ सर्वांत बलवान निघाला. मात्र २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाचा अपराजित संघ बाहेर राहिला, आणि २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटच्या वाट्याला जे आले ते मला आजही सलते. हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्सचा विजेता झाला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पाय जायबंदी झाला होता आणि त्याच्याविना हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे कारण देऊन निवड समितीने त्यांना वगळले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतले. खेळून मिळवलेले स्थान अंदाजावर काढून घेण्यात आले. त्यानंतर त्यांच्यातले अनेक खेळाडू ऑरेंज बाऊलमधून बाजूला झाले आणि उरलेल्या संघाला जॉर्जियाने ६३–३ अशी धूळ चारली. त्या एका महिन्यात चार संघांच्या प्लेऑफचा अन्याय आणि बाऊल सामन्याची दुरवस्था अशा दोन्ही गोष्टी एकाच संघाच्या वाट्याला आल्या.

बारा संघांची रचना या पार्श्वभूमीवर आली आणि तिचे स्वागत करायला सबळ कारण आहे. २०२४ मध्ये समितीच्या अखेरच्या क्रमवारीत ओरेगॉन, जॉर्जिया, टेक्सस आणि पेन स्टेट हे पहिले चार संघ होते. अंतिम सामना खेळले ते पाचवे नोत्र दाम आणि सहावे ओहायो स्टेट. जुनी रचना असती तर हे दोन्ही संघ जानेवारीत विजेतेपदाच्या शर्यतीबाहेर असते. दुसऱ्या वर्षी दहाव्या मानांकनाचा मायामीचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि इंडियानाकडून २७–२१ असा हरला. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या संघांपैकी एक असलेल्या इंडियानाने सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेतेपद मिळवावे, आणि ते मिळवताना रोझ बाऊलमध्ये अलाबामाला ३८–३ असे नमवावे, ही घटना मैदानावर घडल्यामुळेच सर्वांना मान्य झाली. केवळ मतदान असते तर इंडियानाच्या वेळापत्रकाचा सोपेपणा काढून किती जणांनी नाके मुरडली असती!

आता मी स्वतः पाहिलेल्या सामन्यांकडे वळते. या रचनेतली सर्वांत उत्तम गोष्ट म्हणजे पहिली फेरी. पाचव्या ते आठव्या मानांकनाचे संघ आपापल्या विद्यापीठाच्या मैदानावर यजमान असतात. कोलंबसला ओहायो स्टेट विरुद्ध टेनेसी हा सामना रात्री आठला सुरू झाला तेव्हा तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली होते. माझी मुलगी त्याच विद्यापीठात शिकल्यामुळे मैदानाच्या आसपासचा परिसर आम्हाला परिचयाचा होता, आणि तिने बजावल्याप्रमाणे आम्ही तीन तास आधी पोहोचलो. वाहनतळांवर गाड्यांच्या मागच्या झडपा उघडून लोक शेगड्या पेटवून बसले होते, खाणेपिणे चालले होते, बँडचा सराव ऐकू येत होता, आणि लाल रंगाच्या गर्दीत नारिंगी कपड्यांतले टेनेसीचे समर्थक इतक्या मोठ्या संख्येने मिसळले होते की तिथल्या जुन्याजाणत्या प्रेक्षकांनाही त्याचे नवल वाटत होते. तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर मिशिगनने ओहायो स्टेटला १३–१० असे हरवले होते आणि प्रशिक्षक रायन डे यांच्यावर टीकेची झोड उठली होती. त्यामुळे सामन्याआधी स्टँडमध्ये उत्साहाइतकीच धाकधूकही होती. पहिल्या क्वार्टरमध्येच, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशातच, ओहायो स्टेटने २१–० अशी आघाडी घेतली तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांच्या आवाजाने पायाखालचे काँक्रीट थरथरत असल्यासारखे वाटले. मध्यंतरापर्यंत टेनेसीने २१–१० असे अंतर कमी केले आणि पुन्हा सगळे गप्प झाले. सामना अखेर ४२–१७ असा एकतर्फीच संपला, तरी मध्यंतरानंतरची ती दहा मिनिटे आमच्या ओळीत कोणीही बसले नव्हते.

मला त्या रात्री सर्वाधिक भावली ती गोष्ट म्हणजे तो सामना त्या विद्यापीठाचा होता. विद्यार्थी वसतिगृहातून चालत आले होते. शेजारच्या आसनावरचे वृद्ध गृहस्थ अनेक वर्षांपासून त्याच ओळीत बसत होते आणि डिसेंबरच्या अखेरीस या मैदानात सामना पाहायला मिळेल, असे आपल्याला कधी वाटले नव्हते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. तटस्थ मैदानावर हे मिळत नाही. त्या वर्षीच्या पहिल्या फेरीतले चारही सामने यजमानांनी दहा किंवा त्याहून अधिक गुणांनी जिंकले, म्हणून ही फेरी निरस झाली अशी टीका झाली. ती मला पटत नाही, कारण चुरस दर वर्षी सारखी नसते. दुसऱ्याच वर्षी अलाबामाने ओक्लाहोमामध्ये जाऊन ३४–२४ आणि मायामीने टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर १०–३ असे विजय मिळवले.

तक्रार एकच होती, आणि ती तिकिटांबाबत. आम्ही ज्या मध्यस्थ संकेतस्थळावरून तिकिटे घेतली, तिथे सुरुवातीला दाखवलेली किंमत आणि शेवटी आकारलेली किंमत यांत सेवाशुल्काच्या नावाखाली मोठी तफावत होती. घेणाऱ्याने शेवटचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उपांत्यपूर्व फेरीपासून मात्र या रचनेचा तोल ढळतो. ही फेरी आणि उपांत्य फेरी रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बाऊल सामन्यांना आळीपाळीने वाटून दिलेली आहे. परिणामी ओहायो स्टेटच्या एखाद्या निष्ठावंत समर्थकाला त्या वर्षी आपल्या संघाबरोबर राहायचे असते, तर २१ डिसेंबरला कोलंबस, १ जानेवारीला पासाडेना, १० जानेवारीला टेक्ससमधील आर्लिंग्टन आणि २० जानेवारीला अटलांटा असा प्रवास करावा लागला असता. त्यातल्या पुढच्या टप्प्याची खात्री आधीचा सामना संपेपर्यंत होत नाही, म्हणजे विमानाची आणि हॉटेलची व्यवस्था ऐनवेळी, चढ्या दराने करावी लागते. नोकरी करणाऱ्या माणसाला इतकी रजा मिळत नाही आणि विद्यार्थ्याजवळ इतके पैसे नसतात. पूर्वी बाऊल सामन्याचे आमंत्रण डिसेंबरच्या सुरुवातीला येई, कुटुंबे त्यानुसार सुटीचा बेत आखत, आणि तो एकच प्रवास असे. आज तीन प्रवास मागितले जातात आणि ज्या समर्थकाच्या जिवावर या खेळाचे वातावरण उभे आहे, त्याला घरी बसून पाहण्यावाचून पर्याय उरत नाही.

पहिल्या चार मानांकनांच्या संघांची स्थिती तर विचित्रच आहे. त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, परंतु त्यानंतरचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर असल्यामुळे प्लेऑफचा एकही सामना त्यांच्या घरी होत नाही. २०२४ मध्ये ओरेगॉन अपराजित राहून पहिल्या क्रमांकावर आला; त्या यशाचे फळ म्हणून युजीनमधल्या त्यांच्या प्रेक्षकांना काहीच मिळाले नाही, तर आठव्या मानांकनाच्या ओहायो स्टेटला घरच्या मैदानावर सामना मिळाला. पंचवीस दिवस न खेळलेला ओरेगॉनचा संघ रोझ बाऊलमध्ये उतरला आणि बघता बघता ०–३४ असा मागे पडला. अखेर तो ४१–२१ असा हरला. ऑक्टोबरमध्ये याच ओरेगॉनने ओहायो स्टेटला ३२–३१ असे हरवले होते. दोन हंगामांत मिळून आठ संघांना पुढे चाल मिळाली आणि त्यांपैकी एकट्या इंडियानाने पुढचा सामना जिंकला. सात संघांचा पराभव केवळ विश्रांतीमुळे झाला असे मी म्हणणार नाही, कारण पहिल्या वर्षी कॉन्फरन्स विजेत्यांनाच पहिली चार मानांकने देण्याच्या नियमामुळे क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉईसी स्टेटला तिसरे आणि बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले होते. तो नियम २०२५ मध्ये बदलून मानांकने सरळ क्रमवारीनुसार देण्यात आली आणि ते योग्य झाले. तरीही त्या वर्षी ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सस टेक हे तिघे पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. पहिल्या क्रमांकाच्या संघाला घरचे मैदान नाकारणारी बक्षीस-योजना दोषपूर्ण आहे, हे मान्य करायला आता आणखी पुरावा कशाला हवा?

आणि या सगळ्यात रोझ बाऊलचे काय झाले? १ जानेवारी २०२५ रोजी पासाडेनाच्या मैदानावर बिग टेन विरुद्ध पॅसिफिक किनारा ही जुनी जोडी राहिलेली नव्हती, कारण ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए हे चारही संघ २०२४ मध्येच बिग टेनमध्ये दाखल झाले होते. त्यामुळे रोझ बाऊल त्या दिवशी एकाच कॉन्फरन्सच्या दोन संघांमध्ये खेळला गेला. सॅन गेब्रिएल पर्वतरांगांवर मावळतीची किरणे पडतात तो क्षण दूरचित्रवाणीवर नेहमीसारखाच सुंदर दिसला. पण पूर्वी रोझ बाऊल जिंकलेला खेळाडू गुलाब दातांत धरून मैदानावर रेंगाळायचा, आईवडिलांना मिठी मारायचा, कारण त्यापुढे काहीच उरलेले नसायचे. हंगाम तिथेच संपायचा आणि सुखात संपायचा. आता नऊ दिवसांनी दुसरा सामना असतो. ज्या सामन्याने सव्वाशे वर्षांपूर्वी ही सगळी प्रथा सुरू केली, तो आज वेळापत्रकातला एक टप्पा झाला आहे.

दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्रीकरण आणि समालोचन चांगले आहे, जाहिराती फार आहेत. मुख्य हक्क ईएसपीएन या वाहिनीकडे असून त्यासाठीचा सहा वर्षांचा करार ७८० कोटी डॉलरचा असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पहिल्या फेरीचे काही सामने मात्र टीएनटीवर दाखवले गेले, म्हणून सर्व सामने पाहायचे तर दोन्ही वाहिन्या असणे आवश्यक आहे. अंतिम सामना जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी रात्री उशिरापर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांना तो शेवटपर्यंत पाहता येत नाही, याची मला खंत वाटते.

वेळापत्रकाचा आणखी एक दोष आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद होते ते ट्रान्सफर पोर्टल आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका हे दोन्ही प्लेऑफच्याच काळात येतात. २०२५ मध्ये ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) प्रशिक्षक लेन किफिन संघ प्लेऑफमध्ये जात असतानाच एलएसयूकडे गेले, आणि पीट गोल्डिंग यांच्या हाताखाली त्याच संघाने उपांत्य फेरी गाठली. खेळाडूंनी दाखवलेला धीर कौतुकास्पद होता, पण त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती.

आता बाऊल सामन्याविषयी. आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये पाहिलेल्या सामन्यात हंगामात जेमतेम सहा-सात विजय मिळवलेले दोन संघ होते. बाऊलसाठी सर्वसाधारणपणे सहा विजयांची अट असते. मैदान अर्धेही भरलेले नव्हते. दोन्ही संघांचे अनेक नावाजलेले खेळाडू आलेच नव्हते. ही माघार २०१६ पासून रूढ झाली. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा फिएस्टा बाऊलमध्ये गंभीर जायबंदी झाला आणि व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतले त्याचे स्थान घसरले. त्याच डिसेंबरमध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट यांनी आपापल्या बाऊल सामन्यांत न खेळण्याचा निर्णय घेतला. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या सामन्यातून विद्यापीठाला, प्रक्षेपकाला आणि प्रायोजकाला पैसा मिळतो, त्यात आपले भवितव्य पणाला लावायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क खेळाडूचाच आहे.

पण त्या अर्ध्या रिकाम्या मैदानावर मी जे पाहिले त्यानेच मी बाऊल सामन्यांच्या बाजूने झाले. एरवी ज्याला मैदानात उतरायला मिळाले नसते असा एक क्वार्टरबॅक त्या दिवशी संपूर्ण सामना खेळला. त्याचे आईवडील आमच्या पुढे तीन ओळींवर होते, आणि त्याच्या पहिल्या टचडाउन पासवर त्याची आई हातांत तोंड लपवून रडली. दोन्ही बँडनी मध्यंतरात एकत्र वाजवले. शेवटच्या वर्षाचे खेळाडू, ज्यांच्यापैकी बहुतेक जण पुन्हा कधी हा खेळ खेळणार नव्हते, सामना संपल्यावर बराच वेळ गवतावर बसून राहिले. बाद फेरीत बारापैकी अकरा संघांचा हंगाम पराभवाने संपतो. प्लेऑफबाहेरच्या बाऊल सामन्यांची संख्या पस्तीसच्या आसपास असते, म्हणजे तितक्याच संघांचा हंगाम विजयाने संपतो. एवढ्या साध्या गणिताचे मोल बाऊल सामने बंद करा म्हणणारे लोक कधी लक्षात घेत नाहीत.

त्याच आठवड्यात ऑर्लँडोला झालेल्या पॉप-टार्ट्स बाऊलमध्ये प्रायोजकांचे खाद्यरूपी बोधचिन्ह मोठ्या टोस्टरमध्ये उतरवण्यात आले आणि जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या खेळाडूंनी ते खाल्ले. काहींना हा थिल्लरपणा वाटला. मला तो बाऊलच्या मूळ स्वभावाला धरून वाटला. फुलांची मिरवणूक आणि रथांच्या शर्यती यांच्या शेजारी जन्मलेल्या सामन्याने उत्सवी असण्यात संकोच का बाळगावा?

धोका असा की प्लेऑफच्या झगमगाटात बाऊल सामन्याला जाणे हा अपमान समजला जाऊ लागला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दहा विजय मिळवलेल्या नोत्र दामला प्लेऑफमध्ये जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी बाऊल सामना खेळण्यासच नकार दिला. १९२५ च्या रोझ बाऊलनंतर १९७० पर्यंत या विद्यापीठाने बाऊल सामने खेळलेच नव्हते, हे खरे. पण तेव्हाचे कारण हंगाम लांबवू नये असे होते, तर या वेळी निराशा हे कारण दिसले. त्यांची व्यथा मी समजू शकते. तरीही त्या संघातील शेवटच्या वर्षाच्या मुलांना आणखी एक सामना मिळायला हवा होता.

म्हणून मला वाटते ते असे. प्लेऑफची उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर खेळवावी आणि केवळ अंतिम सामना तटस्थ शहरात ठेवावा. ही कल्पना नवी नाही. कॉलेज फुटबॉलच्याच दुसऱ्या स्तरावर, ज्याला आज एफसीएस म्हणतात, १९७८ पासून प्लेऑफ आहे, तिथे आता चोवीस संघ असतात आणि उपांत्य सामनेही विद्यापीठांच्या मैदानांवर होतात. उत्तरेकडची थंडी आणि लहान गावांतली हॉटेलांची टंचाई हे आक्षेप मी ऐकले आहेत. परंतु पेन स्टेट विद्यापीठाच्या स्टेट कॉलेजसारखे लहान गाव हंगामातल्या कित्येक शनिवारी एक लाखाहून अधिक प्रेक्षक सांभाळते, आणि थंडीत खेळणे हा या खेळाचाच भाग आहे. पाच कॉन्फरन्स विजेत्यांच्या हमखास जागा मात्र कायम राहाव्यात. तुलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन लहान संघ २०२५ मध्ये पहिल्या फेरीत ४१–१० आणि ५१–३४ असे हरले म्हणून त्यांच्यासाठी दार बंद करा, असे म्हणणाऱ्यांनी २०१७ चे सेंट्रल फ्लोरिडा आठवावे.

बाऊल सामन्यांना मग त्यांची मोकळीक परत मिळेल. रोझ बाऊलने नववर्षदिनी दुपारी, मिरवणुकीनंतर, आपल्याला हवे ते दोन संघ बोलवावेत. प्लेऑफबाहेर राहिलेला तेरावा-चौदावा संघही पाहण्यासारखाच असतो. निमंत्रण लवकर द्यावे, म्हणजे समर्थकांना प्रवास ठरवता येईल. खेळाडूंना खेळल्याचा मोबदला सामन्याच्या उत्पन्नातून थेट मिळावा, म्हणजे माघारीचे प्रमाणही कमी होईल, अशी माझी आशा आहे. यात पैशाच्या करारांचा अडसर मोठा आहे याची मला जाणीव आहे आणि हे बदल लगेच होतील असे मी समजत नाही.

तोवर, ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला असा आहे. पहिल्या फेरीचा सामना संधी मिळाल्यास अवश्य पाहावा. लोकरीचे दोन थर, बुटांत जाड मोजे आणि बसायला उशी न्यावी, कारण लोखंडी बाकाची थंडी दुसऱ्या क्वार्टरपर्यंत अंगात शिरते, आणि मैदानाबाहेरची गर्दी पाहण्यासाठी तीन तास हाताशी ठेवावेत. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने सध्याच्या व्यवस्थेत घरून पाहिलेले बरे. छोट्या बाऊल सामन्याची तिकिटे बहुधा शेवटच्या आठवड्यात स्वस्त होतात. तिथे खेळाडूंच्या कुटुंबांसाठी राखलेल्या भागाच्या शक्य तितक्या जवळची जागा घ्यावी आणि सामना संपल्यावर लगेच उठू नये.